१०८च्या पेटीतलं ॲट्रोपिन

ॲट्रोपिनची काचेची छोटी कुपी रुग्णवाहिकेच्या औषधपेटीत असतेच. हृदय पूर्ण थांबलेल्या रुग्णाची छाती दाबताना हे इंजेक्शन द्यायचं, असं डॉक्टरांची एक अख्खी पिढी शिकली. २०१० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने आपल्या नियमावलीतून ही सूचना वगळली, कारण त्यामुळे जास्त रुग्ण वाचतात असं काही दिसलं नव्हतं. कुपी मात्र पेटीतून काढता येत नाही. निफाड किंवा दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत फवारणीचं औषध अंगात भिनलेला किंवा ते प्यायलेला रुग्ण गाडीत घेतला, तर सेंद्रिय फॉस्फरसच्या विषावर पहिला आधार ॲट्रोपिनचाच. तेही इतकं की पहिल्यांदा पाहणाऱ्याने दचकावं: छातीतली घरघर थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जायचं.

म्हणजे कुपी एकच, पण तिच्याबद्दलचा एक नियम रद्द झाला आणि दुसरा ठाम राहिला. गाडीतल्या डॉक्टरला दोन्ही गोष्टी रात्री दोन वाजता, हलत्या गाडीत, कुणाला न विचारता आठवायला हव्यात. रुग्णवाहिकेतले उपचाराचे नियम अद्ययावत ठेवणं म्हणतात ते काम नेमकं काय असतं, हे नाशिक जिल्ह्यातल्या रस्त्यांच्या आधारे टप्प्याटप्प्याने पाहू.

गाडीत कोण असतं?

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या आराखड्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक, म्हणजे व्हेंटिलेटर आणि हृदयाला विजेचा झटका देण्याचं यंत्र असलेल्या. उरलेल्या ७०४ प्राथमिक जीवनरक्षक. फोन पुण्यात औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारातल्या नियंत्रण कक्षात लागतो आणि तिथून जवळची गाडी निघते. नव्या करारात ही संख्या १,७५६ वर नेण्याची योजना आहे. त्यात दुचाकी रुग्णवाहिका, बोटी आणि नवजात बाळांसाठीच्या खास गाड्याही धरल्या आहेत.

बऱ्याच देशांत रुग्णवाहिकेवर प्रशिक्षित पॅरामेडिक असतो. आपल्या १०८ वर डॉक्टर असतो, आणि तो बहुतेक वेळा आयुर्वेद किंवा युनानीचा पदवीधर. सोबत पायलट, म्हणजे चालक. स्ट्रेचरचं दुसरं टोक तोच धरतो आणि गरज पडली तर छातीही तोच दाबतो. म्हणून नियम लिहिणाऱ्याला दोन वाचक डोळ्यांपुढे ठेवावे लागतात. डॉक्टरच्या मूळ अभ्यासक्रमात तातडीच्या ॲलोपॅथिक उपचारांचा वाटा मर्यादित होता. पायलटला औषधांची नावं नसली तरी कामाचा क्रम पाठ हवा. पाच पानांचा शास्त्रीय निबंध या दोघांच्या उपयोगाचा नाही. एका आजाराला एक पान, पानावर पायऱ्या, आणि पायरीला लागणारी वस्तू पेटीत कुठे आहे तेही, असा मजकूर लागतो.

नियम येतो कुठून?

हृदयक्रिया थांबलेल्या रुग्णाचं उदाहरण घेऊ, कारण त्याचे नियम सगळ्यात पद्धतशीरपणे बदलत आले आहेत. जगभरच्या पुनरुज्जीवन परिषदांची इल्कॉर ही संस्था १९९२ मध्ये स्थापन झाली. ती स्वतः रुग्णवाहिकांसाठी नियम लिहीत नाही. प्रसिद्ध झालेलं संशोधन तपासून कुठल्या उपचाराला किती पुरावा आहे ते सांगते. त्यावरून अमेरिका, युरोप आणि इतर ठिकाणच्या संस्था आपापली नियमावली बांधतात. पूर्वी हे सगळं पाच वर्षांनी एकदा होई. २०१७ पासून इल्कॉरने पुराव्याची तपासणी सतत चालू ठेवली, त्यामुळे मधल्या वर्षांतही एखाद्या मुद्द्यावर नवी शिफारस येऊ शकते.

या बदलांचा वेग पाहा. २००५ पर्यंत मोठ्या माणसाला छातीवर १५ दाब आणि दोन श्वास असं प्रमाण होतं. त्या वर्षी ते ३० दाब, दोन श्वास झालं. २०१० मध्ये क्रम उलटला: आधी श्वासमार्ग आणि श्वास पाहण्याऐवजी थेट छाती दाबायला सुरुवात करायची. २०१५ मध्ये वरची मर्यादा आली: मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली पाच ते सहा सेंटिमीटर. त्याहून जोरात किंवा घाईने दाबण्यातही तोटा असतो. २००४ साली पदवी घेतलेल्या डॉक्टरने म्हणजे दहा-अकरा वर्षांत एकाच कृतीच्या चार आवृत्त्या पाहिल्या.

भारतात भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये सर्वसामान्य नागरिकांसाठी सोपी पद्धत मांडली: तोंडाने श्वास द्यायच्या भानगडीत न पडता फक्त छाती दाबत राहा. रस्त्यावर कोसळलेल्या अनोळखी माणसासाठी हे व्यवहार्य आहे. पण रामकुंडात किंवा गंगापूर धरणात बुडालेल्या माणसाला हाच नियम लावला तर चूक होते. बुडालेल्याचं हृदय थांबतं ते प्राणवायू संपल्यामुळे. त्याला श्वास दिल्याशिवाय नुसतं दाबून भागत नाही. बुडालेल्यांना श्वास द्यायलाच हवा, हे २०२४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने वेगळ्या निवेदनात पुन्हा स्पष्ट केलं. गोदावरीकाठच्या गाडीत त्यामुळे दोन वेगळी पानं लागतात, आणि कोणतं पान कधी उघडायचं हे दोन्ही पानांच्या पहिल्या ओळीतच लिहिलेलं हवं.

सार्वजनिक आरोग्य हा आपल्या राज्यघटनेनुसार राज्याचा विषय. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची उपचार-मार्गदर्शिका निघाली तरी ती राज्याने स्वीकारायची, आपल्या औषधयादीशी जुळवायची आणि मग सेवा चालवणाऱ्या यंत्रणेकडे पाठवायची. जिनिव्हा किंवा दिल्लीतल्या कागदापासून सुरगाण्याच्या गाडीपर्यंत किमान चार टेबलं लागतात.

एका औषधाचा प्रवास

हा प्रवास ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या औषधावरून नीट कळतो. हे रक्ताची गुठळी लवकर विरघळू देत नाही, म्हणून रक्तस्राव आटोक्यात राहायला मदत होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ या चाचणीत ४० देशांतले २०,२११ जखमी रुग्ण होते, त्यांत भारतातलेही. औषध दिलेल्यांत मृत्यूचं प्रमाण १४.५ टक्के, न दिलेल्यांत १६ टक्के. फरक छोटा वाटतो, पण औषध स्वस्त आणि अपघात असंख्य. पुढच्या विश्लेषणात महत्त्वाची अट समोर आली: जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर फायदा, त्यानंतर दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढतात.

आता हे कसारा घाटातल्या किंवा पेठ रस्त्यावरच्या अपघाताला लावून पाहू. तिथून मोठं रुग्णालय गाठेपर्यंत पहिला तास गाडीतच जातो. तेव्हा औषध गाडीत द्यावं का? हा वेगळा प्रश्न आहे, कारण मूळ चाचणी रुग्णालयांत झाली होती. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जर्मनीतल्या रुग्णवाहिकांमध्ये झालेल्या पॅच चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. गंभीर जखमींपैकी सहा महिन्यांनी बऱ्या अवस्थेत असलेल्यांचं प्रमाण औषधामुळे वाढलं नाही. मात्र पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू औषध मिळालेल्यांत कमी होते. नियम लिहिणाऱ्या समितीला असे अर्धे होकार, अर्धे नकार वाचूनच ठरवावं लागतं.

समजा ठरलं, द्यायचं. इथे काम संपत नाही, खरं तर सुरू होतं.

पहिली पायरी पानाची. कुणाला द्यायचं, कुणाला नाही, किती, किती वेळात. एक ग्रॅम, दहा मिनिटांत, हळूहळू. जखमेची वेळ माहीत नसेल तर काय, याचंही उत्तर तिथेच हवं.

दुसरी पायरी साठ्याची. औषध राज्याच्या यादीत हवं, मागणीपत्रात हवं, प्रत्येक गाडीच्या पेटीत ठरलेल्या कप्प्यात हवं आणि त्याच्या मुदतीची तारीख दर महिन्याला कुणीतरी पाहायला हवी. पान आधी पोहोचलं आणि कुप्या तीन महिन्यांनी आल्या, तर डॉक्टर ते पान वाचायचं सोडून देतो. त्यानंतरची पानंही तो तितक्या मनावर घेत नाही.

तिसरी पायरी प्रशिक्षणाची. नुसतं परिपत्रक व्हॉट्सॲपवर टाकून हात बदलत नाही. शिफ्ट बदलताना बेसवर दहा मिनिटांचा सराव, खोटा रुग्ण, खरी कुपी, हे जास्त उपयोगी पडतं.

चौथी पायरी नोंदीची. रुग्णाच्या नोंदपत्रकावर जखमेची वेळ आणि इंजेक्शनची वेळ असे दोन रकाने नसतील, तर तीन तासांचा नियम पाळला की नाही हे कुणालाच कळणार नाही.

पाचवी पायरी हस्तांतराची. पहिल्या मात्रेनंतर पुढच्या आठ तासांत आणखी एक ग्रॅम सलाईनमधून जायचा असतो, आणि ते काम रुग्णालयाचं. सिव्हिलच्या अपघात विभागातल्या डॉक्टरला गाडीत काय दिलं आणि किती वाजता, हे कळलं नाही, तर एक तर पहिली मात्रा दुसऱ्यांदा दिली जाईल किंवा पुढची राहून जाईल. म्हणून रुग्णवाहिकेचा नियम बदलताना रुग्णालयाच्या दारातला कागदही बदलावा लागतो.

जुनं काढणं

नवीन औषध आणणं हा प्रवासाचा सोपा भाग. जुनी सवय काढून घेणं फार अवघड. नवं पंचांग आलं की घरोघरी जुनं खिळ्यावरून उतरवलं जातं. उपचारांच्या नियमांचं तसं होत नाही, दोन्ही शेजारी शेजारी लटकत राहतात.

ऑक्सिजनचंच घ्या. छातीत कळ आली की मास्क लावायचा, हे डॉक्टरांना आणि नातेवाइकांनाही पक्कं ठाऊक. २०१५ मध्ये मेलबर्नमधल्या रुग्णवाहिकांत झालेल्या ॲव्हॉइड चाचणीत दिसलं, की रक्तातला प्राणवायू पुरेसा असताना वरून ऑक्सिजन दिला तर हृदयाच्या स्नायूचं नुकसान कमी होत नाही, उलट वाढलं असावं. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या सहा हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत ऑक्सिजनमुळे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. आज नियम असा: बोटावरच्या मापकात पातळी ९० टक्क्यांच्या खाली असेल तरच द्या. पण नाशिकने २०२१च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनअभावी माणसं जाताना पाहिली आहेत. या शहरात हृदयविकाराच्या रुग्णाला मास्क न लावणाऱ्या डॉक्टरला नातेवाईक काय म्हणतील? म्हणून या पानावर उपचाराइतकीच एक ओळ बोलण्याची हवी: ‘काका, आकडा ९६ आहे, प्राणवायू भरपूर आहे. आता ईसीजी आणि गोळी महत्त्वाची.’ नियमासोबत तो समजावण्याचे शब्द दिले नाहीत, तर पहिल्या दमदाटीला नियम मोडतो.

पाठीखालच्या कडक फळीचंही तसंच. अपघातातल्या प्रत्येकाला फळीवर बांधून तासभर नेण्याची पद्धत होती; आता ती जखमीला गाडीतून बाहेर काढण्यापुरती वापरावी, लांबच्या प्रवासात नको, अशा दिशेने नियम सरकले आहेत. फळी मात्र प्रत्येक गाडीत आहे, तपासणीच्या यादीतही आहे. यादीत आहे म्हणजे वापरायलाच हवी, असा अर्थ निघतो.

सगळ्यात गुंतागुंतीची पट्टी बांधण्याची गोष्ट. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागांत पावसाळा म्हणजे सर्पदंशाचे कॉल. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषारी सापांवर एकच प्रतिविष चालतं. राष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते: दंशाच्या वर घट्ट दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, हात-पाय हलू देऊ नका आणि प्रतिविष असलेलं जवळचं आरोग्य केंद्र गाठा. पण गाडी पोहोचेपर्यंत घरच्यांनी दोरी बांधलेलीच असते. ती तिथेच खसकन कापली तर अडकलेलं विष एकदम शरीरात पसरू शकतं. म्हणून आणखी एक नियम लागतो: बांधलेली दोरी उपचाराची तयारी असलेल्या ठिकाणी, डॉक्टरसमोर, जपून सोडायची. आणि तीच गाडी तासाभरात महामार्गावर पाय तुटलेल्या माणसाकडे गेली तर तिथे घट्ट पट्टी, म्हणजे टूर्निकेट, जीव वाचवते. युद्धभूमीवरच्या अनुभवानंतर गेल्या दोन दशकांत ती नागरी सेवेतही परत आली. एका पानावर ‘बांधू नका’, दुसऱ्यावर ‘ताबडतोब बांधा’. दोन्ही पानं एकाच माणसाने, एकाच दिवशी तपासली नाहीत, तर गाडीतला गोंधळ कागदावरच तयार झालेला असतो.

एक रस्ता, अनेक गाड्या

मुंबई-आग्रा महामार्गावर इगतपुरीजवळ अपघात झाला तर कोण येतं? १०८ येते. महामार्ग प्राधिकरणाच्या १०३३ ची गाडी येऊ शकते. जवळच्या खासगी रुग्णालयाची रुग्णवाहिका येते. गरोदर मातांसाठीची १०२ची गाडी जवळ उभी असेल तर तीही मदतीला धावते. समृद्धी महामार्गाची स्वतःची व्यवस्था आहे. गाडीच्या बांधणीसाठी देशभर एकच मानक आहे, एआयएस-१२५. त्यात रुग्णवाहिकांचे प्रकार ठरवून दिले आहेत. पण गाडीच्या आत काय करायचं, याची आवृत्ती या सगळ्यांत एकच असेल याची खात्री कुठलंही मानक देत नाही.

ब्रिटनने यावर एक उत्तर शोधलं. तिथल्या सरकारी रुग्णवाहिका सेवा वेगवेगळ्या असल्या तरी जेआरकॅल्क या समितीची नियमावली सगळ्यांना समान. पूर्वी ती काही वर्षांनी पुस्तकरूपात छापली जाई. आता मोबाइल ॲपवर बदल येतात आणि प्रत्येक सेवा आपल्या स्थानिक सूचना त्याला जोडते. मूळ नियम सगळ्यांचा एक. ‘जवळचं प्रतिविष कुठे’ हे उत्तर जिल्ह्याचं.

आपल्याकडे हे जसंच्या तसं आणता येणार नाही. ॲप सुरगाण्याच्या डोंगरात नेटवर्कविना उघडायला हवं. नियम मराठीतही हवा, निदान पायलटसाठी. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आवृत्ती क्रमांक, लागू झाल्याची तारीख आणि फेरतपासणीची तारीख हवी. आणि पान मंजूर करणारा अधिकारी कोण, हे लिहिलेलं हवं, म्हणजे शंका आली तर विचारायचं कुणाला ते कळतं.

वर जाणारी माहिती

नियम फक्त वरून खाली येतात असं नाही. विंचूदंशाचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशात प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध कसं उपयोगी पडतं, हे १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडलं. पुढे प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतात, हे त्यांनी रुग्णांच्या चाचणीतून दाखवलं. ती २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. ग्रामीण भागातल्या नोंदींतून जगभरच्या पुस्तकातलं पान बदललं, कारण त्यांनी प्रत्येक रुग्णाची वेळ, लक्षणं आणि औषधाचा परिणाम लिहून ठेवला होता.

रुग्णवाहिकेच्या नोंदपत्रकांत अशीच ताकद आहे. नियम लागू केल्यावर तीन महिन्यांनी शंभर केस काढून पाहाव्यात. छातीत दुखणाऱ्या किती जणांचा ईसीजी गाडीत निघाला? पातळी चांगली असताना किती जणांना ऑक्सिजन लावला? सर्पदंशाच्या किती रुग्णांना जवळचं प्रतिविष ओलांडून लांब नेलं? एकाच बेसवर चूक दिसली तर तिथे सराव कमी पडला. सगळ्या बेसवर तीच चूक दिसली तर पानच नीट लिहिलेलं नाही. दुसऱ्या बाबतीत डॉक्टरांना नोटिसा पाठवून काही साधत नाही, पान पुन्हा लिहावं लागतं. केंद्राने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचा कृती आराखडा आणला. ते उद्दिष्ट गाठायचं तर या नोंदी गाडीच्या डॅशबोर्डवर पडून राहणं परवडणार नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे. अशा तपासणीसाठी इतकी जवळची जागा दुसऱ्या जिल्ह्याला सहसा मिळत नाही.

२ ऑगस्ट २०२७

सिंहस्थ कुंभमेळ्याचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले होते, त्यामुळे या शहराला गर्दीतल्या आपत्तीचा अर्थ नव्याने सांगावा लागत नाही. कुंभात इतर जिल्ह्यांतून डॉक्टर आणि गाड्या येतील. जळगावहून आलेला डॉक्टर आणि कोल्हापूरहून आलेला पायलट एका गाडीत बसले, तर दोघांच्या हातात एकच आवृत्ती असायला हवी: बुडालेल्याला श्वास, चेंगरलेल्याची वर्गवारी, उष्माघाताला थंडावा, हृदय थांबलेल्याला न थांबता दाब.

तारखेवरून मागे मोजत आलं तर वेळापत्रक आपोआप ठरतं. जून अखेरपर्यंत सराव संपायला हवा. त्यासाठी मे महिन्यात साठा पेट्यांत हवा, आणि साठ्याच्या मागणीसाठी पानं त्याच्या बऱ्याच आधी, २०२६ संपता संपता, मंजूर हवीत. जुलैपासून मेळा संपेपर्यंत नियमांत बदल बंद. त्या काळात चांगली नवी शिफारस आली तरी ती थांबवायची, जुन्या नियमाने जिवाला धोका असल्याचं दिसलं तरच अपवाद. अर्ध्या गाड्यांना कळलेली सुधारणा सगळ्या गाड्यांना ठाऊक असलेल्या थोड्या जुन्या नियमापेक्षा घातक ठरते. मेळा आटोपला की बंदी उठवायची, अडकलेल्या शिफारशी एकत्र तपासायच्या आणि जी पानं बदलतील त्यांच्या जुन्या प्रती मोजून परत घ्यायच्या.